पॉइन्सेटियाची पानं नका पाठवू, मुळं पाठवा

माती ओली असूनही तुमचं पॉइन्सेटिया, म्हणजे नाताळातलं ते लाल पानांचं झाड, मान टाकतंय, खालची पानं पिवळी होऊन गळताहेत आणि तुम्ही प्रयोगशाळेत तपासणीला दोन पानं पाठवणार आहात, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून राहवलं नाही. माझ्या रोपांचं अगदी हेच झालं होतं.

आधी कुंडी उपडी करा. बारीक मूळ चिमटीत धरून ओढा. साल सुटून हातात आली आणि मागे नुसता दोरा उरला, तर बहुधा पिथियम या बुरशीसारख्या जंतूमुळे झालेली मूळकुज. मुळं पांढरी, पण मातीलगत खोड तपकिरी होऊन आवळलेलं असेल, तर रायझोक्टोनिया या बुरशीचा संशय घ्या. हा अंदाजच, खात्री प्रयोगशाळेत कल्चर (जंतू वाढवून पाहणं) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणं) केल्यावरच होते. मी वनस्पतिरोगतज्ज्ञ नाही, फक्त खूप रोपं गमावलीत.

आणि ती रोगापेक्षा अहवालामुळे जास्त गेली. एका प्रयोगशाळेनं ‘फायटोप्लाझ्मा (झाडाच्या आत राहणारा एक सूक्ष्म जिवाणू) आढळला, झाडं नष्ट करा’ एवढंच लिहून पाठवलं आणि सगळी खेप जाळावी लागली. बाजारातला पॉइन्सेटिया इतका बुटका आणि भरगच्च फांद्यांचा होतो, तो या फायटोप्लाझ्मामुळेच! १९९७ साली हे संशोधनातून सिद्ध झालंय, उत्पादक तो कलमांमधून मुद्दाम टिकवतात. म्हणजे धडधाकट झाडातही तो सापडणारच. पॉइन्सेटियाच्या मोझॅक विषाणूचंही बरंचसं तसंच, कित्येक झाडांत तो लक्षणं न दाखवता असतो. मी मुळांसकट झाड दिलं होतं, मुळं कुणी पाहिलीच नाहीत. अजूनही संताप होतो. म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जावर ठळक लिहा: ‘ओल्या मातीत झाड सुकतंय, मुळं व खोडाचा तळ तपासा.’ अहवालात नुसतं जंतूचं नाव आलं, तर ‘याच लक्षणांचं कारण तेच का?’ असं फोन करून विचाराच.

मेलेलं झाड देऊ नका, त्यावर नंतर आलेल्या बुरशीच जास्त सापडतात. अर्धवट आजारलेलं, मुळांसकट अख्खं झाड द्या. मातीचा गोळा वेगळ्या पिशवीत खोडाशी बांधा, म्हणजे पानांना माती लागत नाही. नमुना काढण्याआधी बुरशीनाशक अजिबात नको. निरोगी झाडही तुलनेला जोडलंत तर उत्तम. कुंडीतल्या मातीचा पीएच (आम्लता) आणि ईसी (क्षारांचं प्रमाण) मोजून घ्या. क्षार साचले तरी मुळं जळतात आणि झाड असंच दिसतं.

जाता जाता, खोडावर किंवा पानांवर वाळलेले पांढरे थेंब दिसले तर घाबरू नका. पेशी फुटून बाहेर आलेला चीक असतो तो, पुष्कळ जण त्याला बुरशी समजून फवारत बसतात.

अहवाल येईपर्यंत ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका.