ओटीपी कुणाच्या फोनवर?

ताई, माझा घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. परस्परसंमतीने झाला, भांडण नाही. मी नोकरी करते, ठाण्यात एकटी राहते. पण सवयी सुटत नाहीत. त्याला लसूण चालत नसे, म्हणून आजही आमटीला लसणाची फोडणी देत नाही. काही घ्यायचं म्हटलं की 'तो काय म्हणेल' हेच डोक्यात येतं. तसा वाईट नाही तो. माझ्या खात्याचा ओटीपी अजून त्याच्याच मोबाइलवर जातो, पण मागितला की पाठवतो. परवा मिक्सर मागवताना मीटिंगमध्ये होता म्हणून उशीर झाला, एवढंच. वर 'आधीचा बिघडला का?' असंही विचारलं. या सवयी कशा मोडू?

अगं, लसणाचं काय घेऊन बसलीस! पगार तुझा, खातं तुझं, आणि मिक्सर घ्यायला त्याची मीटिंग संपायची वाट बघतेस? 'तो काय म्हणेल' हे डोक्यात येतं म्हणे. डोक्यात कुठे, तो म्हणतोच की! पगार कधी जमा झाला, कुठे किती गेले, सगळे मेसेज त्याच्या फोनवर वाजतात.

त्याला मी बोल लावणार नाही. दीड वर्षात नंबर तू बदलला नाहीस. का, तेही सांगते. ओटीपीच्या निमित्ताने का होईना, बोलणं होतं. बोलावंसं वाटत असेल तर खुशाल फोन कर, त्यासाठी मिक्सर मागवायला नको.

आता एकच काम. आधार, पॅन आणि पासबुक घेऊन शाखेत जा, मोबाइल नंबर बदलायचा अर्ज भर. ॲपवरून करायला गेलीस तर बहुधा जुन्याच नंबरचा ओटीपी मागतील, म्हणजे पुन्हा त्याचीच मनधरणी. आधारलाही त्याचाच नंबर असेल तर आधार केंद्रात जा. तिथे बोटांचे ठसे घेतात, जुना नंबर लागत नाही. शाखेत आहेस तोवर नॉमिनी कोण आहे तेही विचार. घटस्फोट झाला म्हणून बँक आपणहून नाव काढत नाही, लेखी द्यावं लागतं.

त्याला आधी कळवायचं नाही. मेसेज यायचे थांबले की कळेल. उद्याच अर्धी रजा टाक. शनिवारवर ढकलणार असशील तर ध्यानात ठेव, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते.