वाचकांचे प्रश्न : आधी भाडं पक्कं करा, मग गाडी बुक करा

प्रश्न : आठ वर्षं दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक आहे. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. चाकण-भोसरी भागात एका कारखान्याच्या सुट्या भागांचं रोजचं काम मिळेल. शोरूमवाले विजेचा टेम्पो घ्या म्हणतात, मित्र म्हणतात डिझेलच बरी. काय करावं? (एक वाचक, मंचर)

उत्तर : तुमच्याकडे ठरलेला मार्ग आणि रोजचं काम आहे, म्हणून विजेचा विचार जरूर करा. वेगळं भाडं, वेगळं गाव असं तुमचं काम असतं तर आम्ही लगेच नको म्हटलं असतं.

हिशेब किलोमीटरवर मांडा. एक टनाच्या आतला विजेचा टेम्पो भरल्या गाडीत एका युनिटला सहा-सात किलोमीटर देतो. युनिट १० रुपयांना पडलं तर किलोमीटरला दीड रुपया. तेवढ्याच भाराची डिझेल गाडी १८ चं ॲव्हरेज देते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असं धरा, म्हणजे पाच रुपये. फरक साडेतीन रुपयांचा, पण चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून तीनच धरा. रोज १०० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे बचत ७,५०० रुपये. विजेच्या गाडीचा हप्ता डिझेल गाडीपेक्षा जितका जास्त बसतो तो या ७,५०० च्या आत आहे का, एवढंच पाहा. गाडी रोज ५० किलोमीटरच फिरणार असेल तर बचत निम्मी होते आणि गणित बहुधा फसतं. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर २० रुपये युनिटने वीज भरलीत तरी तेच होतं, कारण किलोमीटरचा खर्च तीन रुपयांवर जातो.

म्हणून गाडीच्या आधी चार्जिंगची जागा पक्की करा. दिवसाला १८-१९ युनिट धरले तर महिन्याचे साडेचारशेच्या वर होतात. ते घरच्या मीटरवर घेतले तर घराचं बिल थेट वरच्या स्लॅबमध्ये जातं. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागा आणि मंजूर भार तपासून घ्या. मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग, या चारही गोष्टी हव्यातच. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. १५ अँपिअरचं सॉकेट इस्त्रीला अर्धा तास टिकतं, इथे ते सहा-सात तास सलग तापतं. आतली पट्टी थोडी जरी सैल असली तरी प्लगची पिन काळी पडते आणि प्लास्टिक वितळतं. पहिल्या आठवड्यात रोज प्लग काढून हात लावून पाहा. चटका बसला तर सॉकेट त्याच दिवशी बदला.

एका चार्जमध्ये गाडी १६० किलोमीटर जाते असं कंपनी सांगत असेल तर हातात १०० ते ११० धरा. दोनशे किलो जास्त माल भरायची सवय असेल तर त्याहूनही कमी. आणि कारखान्याकडून तोंडी शब्दावर राहू नका. किमान दोन वर्षांचं काम, किलोमीटरची हमी आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे लेखी घ्या. भाडं ४५ दिवसांनी येणार आणि हप्ता मात्र दर महिन्याला जाणार, याच फटीत चांगल्या चालकांच्या गाड्या ओढून नेल्या जातात. दोन हप्ते आणि एका टायरजोडीचे पैसे बाजूला ठेवूनच सुरुवात करा.

प्रश्न : न्हावाशेवा ते तळेगाव कंटेनरचं काम करायचं आहे. ५५ टनी विजेचा ट्रॅक्टर-ट्रेलर सरकारी अनुदानावर घ्यावा का? (एक वाचक, उरण)

उत्तर : एकट्याने, पहिलीच गाडी म्हणून, आत्ता नको.

अनुदान खरं आहे. केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत साडेतीन टनांवरच्या विजेच्या ट्रकना जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये मिळतात, पण जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. (लहान टेम्पो या योजनेत बसत नाहीत, पहिल्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावं.) खरी अडचण बोरघाटाची आहे. खोपोलीहून लोणावळ्याला सुमारे ५५० मीटर उंची चढावी लागते. ५५ टन वजन एवढं वर न्यायला नुसत्या उंचीचेच ८० च्या वर युनिट जातात. चाकांचा आणि मोटरचा तोटा त्यावर वेगळा. २८० युनिटच्या बॅटरीचा जवळपास तिसरा भाग घाटच खातो. उतरताना मोटर थोडी वीज परत देते, पण बॅटरीत जागा असेल तरच. वर शंभर टक्के चार्ज करून घाट उतरायला लागलात तर ती वीज जायला जागाच नसते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ड्रम तापतात. घाट उतरायचा असेल तेव्हा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. तसंही ८० नंतर फास्ट चार्जर संथ होतो.

सपाटीवर धरलं तरी अशी गाडी किलोमीटरला साधारण १.४ युनिट घेते. बाहेर १८ रुपयांनी वीज घेतली तर २५ रुपये. डिझेलचा ट्रेलर तीनचं ॲव्हरेज देतो, म्हणजे ३० रुपये. या पाच रुपयांवर एवढं मोठं कर्ज फिटत नाही. न्हावाशेवा बंदरात सप्टेंबर २०२५ पासून बॅटरी बदलून चालणारे जड ट्रक आले आहेत, पण ते बंदराच्या आतल्या छोट्या फेऱ्यांचं काम. तिथे बॅटरी मिनिटांत बदलून मिळते, वाट पाहण्यात खेप बुडत नाही. अशा गाड्यांवर आधी चालक म्हणून वर्षभर काम करा.

आणखी एक. समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची विजेच्या गाड्यांची टोलमाफी कार आणि बससाठी आहे, मालवाहू गाड्यांसाठी नाही. भाडं सांगताना टोल धराच.

प्रश्न : लायसन्स आणि परमिटचं काय? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : गाडी आणि माल मिळून एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असेल तर साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स पुरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं आहे. त्यावरच्या गाडीला एक वर्ष जुनं एलएमव्ही, वय २० पूर्ण आणि ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला २०१८ पासून परमिटची गरज नाही. पासिंग आणि विमा मात्र सुटत नाही. ट्रान्सपोर्टरला पॅन आणि 'दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत' अशी लेखी घोषणा द्या, म्हणजे बिलातून टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा आयकर) कापला जात नाही. अनेकजण हे देत नाहीत आणि पैसा अडकून बसतो.

प्रश्न : तीन वर्षं वापरलेला विजेचा टेम्पो स्वस्तात मिळतोय. काय पाहू? (एक वाचक, कराड)

उत्तर : रंग आणि बॉडी नंतर. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लावून बॅटरीची उरलेली क्षमता किती टक्के आहे ते छापील घ्या, आणि वॉरंटी तुमच्या नावावर होते का तेही लेखी विचारा. मग १०० टक्के चार्ज करून, पूर्ण माल भरून, तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर चालवा. चार्ज २० टक्क्यांवर येईपर्यंत किती किलोमीटर झाले तेवढीच ती गाडी. मालक भरली गाडी चालवू देत नसेल तर व्यवहार सोडा.