ओळखीच्याकडून जुनं स्कूबा किट मिळतंय, बडोद्यात चेक करता येईल का?

थोडंफार घरीच करता येतं. रेग्युलेटरच्या (टाकीतली हवा कमी दाबाने तोंडापर्यंत आणणारं यंत्र) फर्स्ट स्टेजचं टोक, जे हवेच्या टाकीला बसतं, तिथे आत छोटी जाळीदार फिल्टर चकती दिसते, ती टॉर्च मारून बघ, हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलंय आणि तपकिरी असेल तर बहुतेक कुठल्यातरी स्टीलच्या टाकीचा गंज. मग ते टोक अंगठ्याने दाबून माउथपीसमधून हवा ओढ, जराही हवा आली तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) नाहीतर एक्झॉस्ट व्हॉल्व (सोडलेला श्वास बाहेर टाकणारी झडप) लीक आहे. होजवरची रबरी टोपी मागे सरकवून बघायला विसरू नको, भेगा तिथेच लपतात. बीसीडी (तरंगणं-बुडणं सांभाळणारं, हवा भरायचं जॅकेट) फुगवून रात्रभर ठेव, सकाळी ढिली पडली की समज, गळतेय.

पण हे सगळं पास झालं तरी रेग्युलेटरची सर्व्हिस हवीच, आतल्या ओ-रिंग बाहेरून दिसत नाहीत, आणि ते काम गोव्याच्या एखाद्या डाइव्ह सेंटरवालाच करेल.

टाकीचं प्रकरण वेगळं. टाकीच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासणं) तारीख कोरलेली असते, 5 वर्षांपेक्षा जुनी असेल तर टेस्टशिवाय भरायची नाही. 6351 नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची असेल (1990 च्या आधीच्या बऱ्याच तशा आहेत) तर सरळ सोडून दे, त्यांच्या गळ्याला तडे जातात. आणि कृपा करून मकरपुऱ्यात वेल्डिंग गॅसवाल्याकडून ऑक्सिजन भरून आणू नको रे, साधारण 6 मीटरखाली शुद्ध ऑक्सिजनने पाण्यातच झटके येऊ शकतात.

मास्क, फिन बिनधास्त घे.