लेकरांना बापाच्या मुलाखतीला नेताना

प्रिय बाबू,

फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून सविस्तर लिहिते. तू विचारलंस, दादाच्या पोरांना यवतमाळच्या जेलात भेटीला न्यावं का? ने. वहिनी नको म्हणते, गावातले चार शहाणे म्हणतात लेकरांच्या मनावर परिणाम होईल. पोलिसांची गाडी दारात आली त्या रात्रीच तो झाला. आता बाप डोळ्यांनी दिसला नाही, तर पोरं मनातल्या मनात भलतंच काही रचत बसतील. माझा लेक आत होता तेव्हा नातीला वाटायचं, तिथं दिवाच नसतो, बाबाला अंधारात ठेवतात. हे तिनं कितीतरी दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं.

पण न्यायच्या आधी खरं सांग. ‘बाबा पुण्याला कंपनीत लागले’ हे तुम्ही सांगून ठेवलंय, ते आधी मोड. तुझी पुतणी तिसरीत आहे, गेटवरची ‘जिल्हा कारागृह’ ही पाटी ती वाचणारच. त्याआधीच शाळेतलं एखादं पोट्टं तिला चिडवून सांगेल, तर ते आणखी वाईट. जास्त बोलायची गरज नाही. बाबांवर केस झाली आहे, कोर्ट ठरवेपर्यंत त्यांना जेलात राहावं लागतं, तिथं त्यांना जेवण मिळतं, आणि हे तुमच्यामुळे झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य दोनदा सांग. आपण दंगा केला म्हणून बाबा गेले, असं लहान लेकरांना खरंच वाटतं. दादा दोषी की निर्दोष, हे तू ठरवून सांगू नकोस. आणि ‘दिवाळीला येतील’ असं आईलाही बोलू देऊ नकोस. लेकरू दिवस मोजत बसतं, अन् जामीन काही आपल्या हातात नसतो.

जेलातल्या भेटीला तिथं मुलाखत म्हणतात. निघण्याआधी मुलाखतीचे वार आणि वेळ जेलात विचारून घे. ई-मुलाकातच्या पोर्टलवर नोंदणी करता येते, जमत नसेल तर सेतू केंद्रातल्या पोराकडून करून घे. दादानं आत दिलेल्या नातेवाइकांच्या यादीत तुमची नावं आहेत का, तेही बघ. सगळ्यांची आधार कार्डं ने, मुलांचे जन्मदाखले असू दे. मोबाइल आत नेता येत नाही. घरचा डबाही घेत नाहीत, म्हणून वहिनीला आधीच सांग. नाही तर पहाटे उठून पुरणपोळ्या करेल आणि गेटवर रडेल. दादाला पैसे द्यायचे तर मनीऑर्डर कर, त्याला कॅन्टीनमधून वस्तू घेता येतात. एसटीत वहिनीला अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही.

रविवारी बहुतेक मुलाखत नसते, म्हणजे शाळा बुडणार. त्यासाठी पोटदुखीची चिठ्ठी लिहू नकोस. वर्गाच्या बाईंना एकटं गाठून खरं कारण सांग. पोरगी दुसऱ्या दिवशी गप्प बसली तर का बसली, हे बाईंना ठाऊक असलेलं बरं.

आता मुख्य गोष्ट. मध्ये काच किंवा जाळी असते, फोनवरून बोलावं लागतं, शेजारीही सगळे मोठ्यानं बोलत असतात. बाबा जवळ घेऊ शकणार नाहीत, हे घरीच सांगून ठेव. रिसिव्हर एकच मिळाला तर आधी कोण बोलेल तेही घरीच ठरव, नाही तर भांडणात वेळ जातो. धाकट्याला कडेवर घे, खाली उभं राहून त्याला बापाचं तोंड दिसणार नाही. वेळ मोजका मिळतो. तेवढ्यात तू आणि वहिनी वकील, तारीख, सावकार काढून बसलात तर लेकरं फक्त बघत राहतील. केसचं बोलायला तू वेगळा जा. दादालाही आधी निरोप दे की पोरांपुढे रडू आलं तर येऊ दे, पण ‘आईला त्रास देऊ नका’ एवढंच बोलून थांबू नको. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल कसा सजवला, कोणाचा बैल मोठा होता, हे विचार. बापानं विचारलं की पोरं बोलती होतात. आणि एखादं नाहीच बोललं तर त्याला ढोसू नकोस.

परत आल्यावर धाकटा अंथरूण ओलं करेल, पोरगी उगाच चिडेल. चार-आठ दिवस चालू दे. पुढच्या वेळी एखादं येत नाही म्हणालं तर सोड, त्याच्याकडून चिठ्ठी किंवा चित्र पाठव.

उद्या शिक्षा लागली तर दादाला अमरावतीला किंवा नागपूरला हलवू शकतात. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षा झालेल्या बंदींसाठी ‘गळाभेट’ झालेली आहे, तिथं लेकरांना बापाच्या मांडीवर बसता येतं. तशी वेळ आलीच तर चौकशी कर.

दोन कामं मात्र याच आठवड्यात उरक. वकिलाचे पैसे सावकाराकडून काढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी कर. महिन्याला एका मुलामागे २२५० रुपये मिळतात. बाप जेलात आहे हे तिथं लपवू नकोस, त्याच कारणावर अर्ज करायचा आहे.

कागद घेऊन माझ्याकडे ये, अर्ज मी भरून देते. वहिनीलाही आण. तिच्याशी मला एकटीशी बोलायचं आहे.

तुझी,
मावशी