उन्हाळ्यात गाय उलटते? आधी तिची धाप थांबवा

प्रश्न : उन्हाळा लागल्यापासून माझ्या दोन संकरित गाई माजावरच आलेल्या दिसत नाहीत. तिसरी दोनदा भरवली (कृत्रिम रेतन करून घेतलं), दोन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दुपारी अंगावर पाणी मारतो तरी तिन्ही धापा टाकतात. माजाचं इंजेक्शन द्यावं, की ऊन सरेपर्यंत भरवणं थांबवावं?

उत्तर : इंजेक्शनची घाई नको. तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ बहुतेक एकच आहे. गाय धापा टाकते म्हणजे तिच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि अशा गाईचा माजही बिघडतो, गर्भही टिकत नाही.

आधी मोजून पाहा. दुपारी गाय सावलीत शांत उभी असताना तिच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजा. श्वास 60 च्या वर गेले तर तिला उष्णतेचा ताण आहे. नुसतं पाणी शिंपडून तो जात नाही. पाणी केसांवरच राहिलं आणि गोठ्यात वारा नसला तर दमटपणा वाढतो आणि धाप आणखी लागते. खांदा आणि पाठ कातडीपर्यंत भिजू द्या, मग पाणी बंद करून 10-15 मिनिटं पंख्याचा वारा द्या, आणि पुन्हा भिजवा. ऊन उतरेपर्यंत हे चालू ठेवा. पाणी ओघळून सडांपर्यंत जाऊ देऊ नका, कासदाह होतो, म्हणजे कासेला सूज येते. पिण्याचं पाणी सावलीत आणि दिवसरात्र समोर हवं. धार काढल्याबरोबर गाय सर्वात जास्त पाणी पिते, तेव्हा टाकी रिकामी नको.

वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री टाका, कारण रवंथ आणि पचनातूनही अंगात उष्णता तयार होते. गाय चारा कमी खाते म्हणून पेंड वाढवू नका. धापेत लाळ वाया जाते, त्यात जास्त पेंड पडली की पोटात आम्लता वाढते. मीठ आणि खनिज मिश्रण मात्र रोज द्या.

आता माजाकडे वळू. उन्हाळ्यात माज मुका होतो, म्हणजे गाय हंबरून तो दाखवत नाही. एरवी 12 ते 18 तास टिकणारा माज आखडतो आणि पुष्कळदा रात्री किंवा पहाटे येऊन जातो. तुम्ही दिवसा पाहता, म्हणून तो हुकतो. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे धारेआधी गोठ्यात 20 मिनिटं थांबा. गाय बसलेली असताना शेपटीखाली, जमिनीवर काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसतो का पाहा. हंबरण्याची वाट पाहू नका. रक्ताचा अंश असलेला सोट दिसला तर माज एक-दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला आहे. तेव्हा भरवण्यात अर्थ नाही. तारीख लिहून ठेवा आणि 17 व्या दिवसापासून नजर ठेवा.

पहाटे माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी पहाटे रेतन करून घ्या. रेतनकांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) उन्हात उघडी ठेवू नका. रेतनानंतरचा पहिला आठवडा गर्भ सर्वात नाजूक असतो. तेवढे दिवस गाय उन्हात चालवू नका, पंखा बंद ठेवू नका.

हे सगळं करूनही लगेच यश येईलच असं नाही. स्त्रीबीज पक्व व्हायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे आज बसलेल्या उन्हाच्या तापाचा परिणाम ऊन कमी झाल्यावरही महिना-दीड महिना राहू शकतो. तेवढ्यावरून चांगली गाय वांझ ठरवून विकू नका, ही कळकळीची विनंती. भरवणं सरसकट थांबवूही नका. गोठा थंड ठेवता येत असेल तर चालू ठेवा. नसेल तर जास्त दूध देणारी गाय थोडी थांबवा. कालवडी मात्र भरवा, त्या ऊन जास्त सोसतात.

माजावर न येणाऱ्या दोन गाई आधी भरवलेल्या असतील तर त्या गाभणही असू शकतात. माजावर आणण्यासाठी देतात त्यातल्या काही इंजेक्शनांनी गाभण गाईचा गर्भपात होतो. म्हणून पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय एकही सुई टोचू नका. तिसरी गाय पुन्हा उलटली, किंवा तिचा सोट दुधासारखा गढूळ दिसला, तर पुढच्या रेतनाआधी तिचं गर्भाशय तपासून घ्या.