पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी विज्ञान-गणिताचा कृतिवर्ग कसा निवडावा?

पैसे भरण्याआधी एक तास मागे बसून वर्ग बघू द्या, अशी विनंती करा. तिथे एवढंच पाहा: साहित्य कोणाच्या हातात आहे? शिक्षिका पुढे उभ्या राहून व्हिनेगरमध्ये सोडा टाकतात, फेस येतो, मुलं टाळ्या वाजवतात. यातून फारसं काही हाती लागत नाही. चांगल्या वर्गात आधी विचारतात, "काय होईल असं वाटतं?" मग मूल स्वतः करून बघतं, अंदाज चुकला तर सोडा कमी-जास्त करून पुन्हा बघतं. पुन्हा करायला वेळ देतात का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

गणितातही तेच. माँटेसरी साहित्यात दहा मणी एका तारेत ओवलेले असतात; अशा दहा तारा जोडल्या की शंभर. दशक-शतक हाताला कळतं. या वयात तेवढंच पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं की मुलांना जास्त वाटतं, हे बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलं. म्हणून झटपट गुणाकाराच्या जाहिरातींना भुलू नका. मोजणं, मापणं, जुळवणं भरपूर हवं.

सुटे छोटे चुंबक किंवा बटण सेल (घड्याळात असतात तसे छोटे, चपटे, गोल सेल) मुलांच्या हाती दिसले तर सरळ नाही म्हणा. गिळले गेले तर जिवावर बेतू शकतं.