भांड्यावरचं नाव वाचलंत का?

प्रश्न : ताई नमस्कार, वाईजवळच्या गावातलं आमचं जुनं घर दिवाळीच्या आधी विकायचं ठरलंय. आई आता माझ्याकडे डोंबिवलीलाच असते, दोघे भाऊ पुण्याला. माळ्यावरचं सामान खाली काढलं तर अख्खी ओसरी भरली. तांब्याचा बंब, घंगाळं, पराती, डबे, जातं, आजोबांचा पानाचा डबा, आजीची लुगडी, देवातले टाक आणि बोचकंभर मोडी कागद. माझं घर वन बीएचके. मुलगी डब्लिनला असते, तिला 'आपल्या कल्चरचं काहीतरी' हवंय. मिस्टर म्हणतात सगळं मोडीत घाल, तांब्याला भाव चांगला आहे. काय ठेवू नि काय सोडू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मिस्टरांना म्हणावं जरा दम धरा. भंगारवाल्याला फोन करायच्या आधी एक दुपार मोकळी काढा, आईला खुर्चीत बसवा आणि एकेक भांडं उलटंपालटं करून त्याच्या काठावरचं नाव वाचा. आपल्याकडे लग्नामुंजीत भांडं द्यायचं तर दुकानातूनच नाव घालून आणायची पद्धत होती ना, बारीक ठिपक्या ठिपक्यांत, कुणाकडून, कुणाला, कधीकधी तारीखसुद्धा. पन्नास वर्षं चिंचेनं घासून ती अक्षरं पुसट झालेली असतात, भांडं तिरपं धरून टॉर्च मारला की दिसतात. घरात वंशावळ लिहिलेली नसते पण ती अशी पातेल्या-डब्यांवर सांडलेली असते.

माझ्या घरचंच सांगते. आजी गेल्यावर तिचा एक पितळी डबा माझ्या वाट्याला आला, मला खरं तर तिची समई हवी होती, ती काकूनं नेली, म्हणून मी थोडी फुगलेच होते. मग एकदा डबा घासताना झाकणाच्या आत नाव दिसलं आणि ते कुणाचं हे घरात कुणालाच सांगता येईना. शेवटी आत्यानं सांगितलं, अगं ते आमच्या आईचंच, तुझ्या आजीचं, माहेरचं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं त्या दिवशी जुनं नाव जे गेलं ते गेलंच, आम्ही नातवंडांनी तर ते कधी ऐकलंच नव्हतं. समई काय बाजारात आजही मिळते.

म्हणून माझा हिशोब असा, की किंमत किती, जुनं किती हे नंतर बघायचं, आधी ती वस्तू हातात घेतल्यावर आई बोलायला लागते का ते बघायचं. ज्याच्याबद्दल आई पाच मिनिटं बोलली ते ठेवा. ज्याच्याबद्दल 'होतं बाई असंच' म्हणाली ते बिनधास्त सोडा, कितीही भारी दिसत असलं तरी. आणि ती बोलते तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण तिच्या नाकासमोर धरू नका, नाहीतर ती एकदम भाषण दिल्यासारखं बोलायला लागेल.

बंब सोडा. मला माहितीये जीव तुटतो, थंडीतल्या सकाळी त्यात ढलप्या घालून बसायची मजा वेगळीच, पण वन बीएचकेत त्याच्यावर मनीप्लांट ठेवून काय साधणार? गावात कुणी अजून चुलीवर पाणी तापवत असेल तर त्याला देऊन टाका, मोडीपेक्षा बरं. जात्याचं मात्र आधी भावकीत विचारा. हळदीला, घाणा भरायला जातं लागतंच आणि हल्ली ऐन लग्नात शोधाशोध होते, तेव्हा ज्याच्या घरी तळमजल्यावर जागा आहे त्याच्याकडे राहू दे, आणि सगळ्यांनी तिथून न्यायचं.

लेकीसाठी माझं मत पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याला. हसू नका. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कधी गेलात तर बघा, त्या गृहस्थांनी आयुष्यभर हिंडून राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घराघरांतले अडकित्ते, दिवे, पानाचे डबे असलंच गोळा केलं आणि संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं. डब्लिनच्या फ्लॅटमध्ये पैठणीची फ्रेम लावली तर पाहुणे 'ब्यूटिफुल' म्हणतील नि संपलं, पण अडकित्ता दिसला की विचारणारच हे काय आहे, मग तिला पणजोबा जेवणानंतर सुपारी कशी कातरायचे ते सांगावं लागेल, आणि त्यासाठी आधी तुम्हाला फोन करावा लागेल. फक्त पातं आहे म्हणून तो चेक-इनच्या बॅगेत ठेवायला सांगा, हातातल्या बॅगेत सिक्युरिटीवाले काढून घेतील.

लुगडी सुती असतील आणि विरली असतील तर जपत बसू नका, गोधडी शिवून घ्या, आजीनं स्वतःसुद्धा तेच केलं असतं. रेशमी जरीचं असेल तर धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, काळी पडते, आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला नाहीतर घडीवरच चिरतं.

टाकांचं मी सांगणार नाही. कुळाचार, नवरात्र पुढे कोण करणार ते आधी ठरवा, टाक त्याच्याकडे. वाटणीत एकेक टाक वेगळा करू नका एवढंच.

आणि मोडी कागद! घर विकण्याच्या आधी, परत सांगते आधी, ते जाणकाराकडून वाचून घ्या. आजोबांची पत्रं असतील, नाहीतर त्याच घराचं वाटणीपत्र किंवा गहाणखत असेल आणि सगळं वकिलाकडून पुन्हा बघावं लागेल. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० सालचं, मोडीची माणसं कुठे भेटतील हे तिथे कळेल, भाऊ पुण्यातच आहेत तर एक चक्कर मारू दे. कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर अजिबात नाही, फोटो काढा आणि सपाट फाइलमध्ये ठेवा. मिस्टर सगळं मोडीत घालायला निघालेत पण घरात एकालाही मोडी येत नाही, गंमतच आहे.

प्रश्न : मी जर्मनीत असतो, या ट्रिपमध्ये पणजीच्या देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती आणि तिची हस्तिदंती फणी घेऊन जायचं म्हणतोय. काही प्रॉब्लेम येईल का? (एक वाचक, श्टुटगार्ट)

उत्तर : येऊ शकतो, आणि चांगला मोठा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती घरची असली तरी खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरेशी आहेत. मूर्ती तेवढी जुनी नाही अशी खात्री असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं सर्टिफिकेट आधी घ्या, एअरपोर्टवर 'पणजीची आहे हो' म्हणून चालत नाही. उलट पणजीची म्हटलं की शंका जास्तच. फणीचं नाव काढू नका, हस्तिदंत वन्यजीव कायद्यात येतो, इकडून नेता येणार नाही आणि विकताही येणार नाही. घरात मृगाजिन वगैरे असेल तर तेही त्यातच, वनखात्यात विचारून घ्या. मूर्ती इथेच घरच्यांकडे ठेवा, तुम्ही पळी-पंचपात्र न्या, रोजच्या वापरातलं, अलीकडचं.

प्रश्न : ताई, बायकोच्या माहेरी दोन पिढ्यांची पैठणी, चांदीची ताटं, सगळं आहे. बाळाच्या बारशाला त्यांनी आजेसासूबाईंचा चांदीचा वाळा दिला. मला वाटलं आपण काय देणार? आमचे आजोबा मालवणकडचे, लालबागला गिरणीत साचे चालवायचे, गावकऱ्यांच्या खोलीत वीसेक जण राहायचे. आमच्याकडे संस्कृती म्हणून दाखवण्यासारखं काही नाहीच. एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात गिरणीचा पास, काही पावत्या आणि टाळांची एक जोडी. (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'काही नाही' लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत अख्खं गिरणगाव काढून ठेवलंत की.

त्या खोलीत माणसाला स्वतःची अशी जागा केवढी, तर एक वळकटी आणि एक पेटी. पाळ्या ठरलेल्या, एक जण उठून कामाला गेला की दुसरा झोपायचा, जेवण खाणावळवाल्या बाईकडे. एवढ्याशा पेटीत तुमच्या आजोबांनी टाळ ठेवले होते म्हणजे बघा, जागेची इतकी मारामार असताना. शनिवारी रात्री भजन, गणपतीत डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, गावाकडून आलेला माणूस त्या खोलीत आणि त्या भजनी मंडळातच मुंबईचा झाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, कितीक जण गावाला गेले ते परत आलेच नाहीत, घरातलं किडूकमिडूक विकून खाल्लं लोकांनी. तुमच्याकडे चांदी नाही याचं कारण त्यात असू शकतं, वडलांना एकदा विचारून बघा. पितळेचे टाळ वजनाला चांगले भरतात, ते तरी का नाही विकले हेही विचारा.

पास आणि पावत्यांचे आधी स्कॅन काढा आणि ओरिजिनल नीट ठेवा, कारण गिरणी कामगारांच्या घरांसाठी कामगाराचा तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद असले पुरावे लागतात, अर्ज भरलाय का तेही घरात विचारा. म्हाताऱ्या काकांकडून आजोबांचं गिरणीतलं खातं कुठलं, जॉबर म्हणजे मुकादम कोण, खोलीत कोणकोण होतं हे लिहून घेऊन कागद पेटीच्या झाकणाला आतून लावा. पेटी पॉलिश करू नका हां, हल्ली त्याला रंगबिंग देऊन कॉफी टेबल करायचं फॅड आलंय, मला ते बघवत नाही.

बाळाला वाळा सहा महिन्यांत होईनासा होईल, टाळ वाजवायला मात्र अजून चार-पाच वर्षं आहेत. तेवढ्यात त्यांच्या दोऱ्या बदलून घ्या, इतक्या वर्षांत कुजल्या असणार, आणि टाळ दोरीतून सुटला की पायावरच पडतो.